खानातलाशी आणि हर्जाना



आपल्याकडच्या निजामी अमदानीतील कोर्टकचेरीची भाषा उर्दू होती. तिच्यातले दोन शब्द आजच्या विषयासाठी मी उसने घेतले आहेत. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘तलाशी’ म्हणजे शोध, तेव्हा खानातलाशी म्हणजे घरझडती. ‘हर्जाना’ म्हणजे झालेल्या नुकसानीची भरपाई. यांपैकी पहिल्याचा अनुभव आपल्या वाडवडिलांना पुष्कळ होता, दुसऱ्याचा फारसा नव्हता. पोलीस कायदा सोडून घरात शिरले तर घरधन्याला त्यांच्याकडून काही वसूल करता येते काय, आणि येत असेल तर ते कधीपासून व कसे, एवढाच प्रश्न आज आपल्यापुढे आहे. वकिलांना तो क्षुल्लक वाटेल, पण ज्याच्या दारावर रात्री थाप पडते त्याला तसा वाटत नाही.

जुन्या काळी कोतवालाकडून भरपाई मिळतच नसे, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. अकबराच्या राज्यकारभाराचे वर्णन करणाऱ्या ‘आईन-इ-अकबरी’त कोतवालाची कामे सांगितली आहेत. शहरातल्या घरांची नोंद ठेवावी, आल्यागेल्याची खबर ठेवावी, आणि चोर व चोरीचा माल हुडकून काढावा, न काढल्यास नुकसानीची जबाबदारी त्याची, असा तो दंडक आहे. मराठी मुलुखातही गावच्या रखवालदारावर चोरीच्या भरपाईचा बोजा पडत असे. म्हणजे पहारेकऱ्याने हर्जाना द्यावा ही कल्पना आपल्याला नवी नाही. मात्र तो हर्जाना चोर न सापडल्याबद्दल होता. कोतवालच चोरासारखा घरात शिरला तर काय, या प्रश्नाला त्या दंडकात उत्तर नाही. जो घरांची नोंद ठेवतो, त्याला घरात शिरण्यास मज्जाव कोण करणार?

उत्तर नसले म्हणजे काय होते, ते पुण्याने 1791 साली पाहिले. घाशीराम सावळदास हा मूळचा उत्तरेकडचा गौड ब्राह्मण, पण राहणारा आपल्या औरंगाबादचा. आपल्या शहराने पुण्यास दिलेल्या माणसांत त्याचे नाव आपण सहसा घेत नाही! 1777 साली तो पुण्याचा कोतवाल झाला आणि चौदा वर्षे नाना फडणिसांच्या आश्रयाने त्याने शहर धाकात ठेवले. 1791 च्या ऑगस्टात दक्षिणेकडून आलेल्या ब्राह्मणांच्या एका टोळीस त्याच्या माणसांनी एका कोंदट जागेत कोंडले, आणि सकाळी दार उघडले तेव्हा आत एकवीस माणसे मेलेली निघाली. लोक खवळून नानांच्या वाड्यावर गेले. शेवटी कोतवाल लोकांच्या हवाली झाला आणि 31 ऑगस्टला दगडांनी ठेचला गेला. पुढे तेंडुलकरांच्या नाटकाने हे नाव साऱ्या जगात नेले. मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की, त्या चौदा वर्षांत ज्यांचे नुकसान झाले असेल त्यांना जाण्यासारखी वाट नव्हती. दावा नव्हता म्हणून दगड आले. आणि मेलेल्या कोतवालाकडून कोणाची भरपाई होत नाही.

त्याच शतकात, घाशीराम कोतवालीवर येण्यापूर्वी दहाबारा वर्षे, इंग्लंडात मात्र एक निराळी गोष्ट घडली होती. लंडनमध्ये जॉन एन्टिक नावाचा एक लेखक होता. सरकारवर टीका करणाऱ्या एका साप्ताहिकासाठी तो लिही. 11 नोव्हेंबर 1762 रोजी राजाचे चार हुजरे त्याच्या घरात शिरले, त्यांच्यापैकी एकाचे नाव कॅरिंग्टन. त्यांच्यापाशी लॉर्ड हॅलिफॅक्स या मंत्र्याचे वॉरंट होते. चार तास त्यांनी घर उलथेपालथे केले, कुलपे फोडली, कागदपत्रे उचलून नेली. एन्टिकने काय करावे? त्याने निवेदन काढले नाही की सभा भरवली नाही. त्याने त्या चौघांवर, परक्या जागेत विनाहक्क शिरणाऱ्या कोणाही माणसावर करावा तसा साधा दिवाणी दावा लावला. मागणी दोन हजार पौंडांची होती, ज्यूरीने तीनशे पौंड दिले. 1765 साली लॉर्ड कॅम्डेन यांनी निकाल दिला, त्याचा आशय असा की, मंत्र्याला असे वॉरंट काढण्याचा अधिकार कोणत्या कायद्याने दिला ते दाखवा. दाखवता येत नसेल तर मंत्र्याची सही असलेला कागद हाती धरून शिरणाराही विनाहक्क शिरणाराच होय. ‘राज्याची गरज’ ही सबब त्यांनी ऐकली नाही.

त्याच काळातला दुसरा एक दावा मला अधिक गमतीचा वाटतो. एका छापखान्यातल्या कामगाराला हुजऱ्यांनी सहा तास अडकवून ठेवले. वागणूक चांगली दिली, खायला मांस आणि प्यायला बियरही दिली. त्याची मजुरी आठवड्याला एक गिनी. ज्यूरीने त्याला तीनशे पौंड देवविले! सरकारी वकील म्हणाले, एवढ्याशा माणसाच्या सहा तासांची ही किंमत फार झाली. न्यायाधीशांनी ती कमी करण्यास नकार दिला. ज्यूरीतले लोक कोण होते? दुकानदार, कारागीर, आपल्यासारखे गावकरी. त्यांनी कामगाराच्या रोजाचा हिशेब केला नाही, स्वतःच्या दाराचा केला.

‘इंग्रजाचे घर म्हणजे त्याचा किल्ला’ हे वचन आपण ऐकतो ते 1604 सालच्या सेमेन खटल्यातले. ते सांगणारे पुष्कळ लोक त्या खटल्याचा दुसरा अर्धा भाग सांगत नाहीत. राजाच्या कामासाठी शेरीफला दार फोडताही येईल, पण आधी आपण का आलो ते सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे, असेही तेथेच म्हटले आहे. म्हणजे किल्ला अजिंक्य नाही, फक्त त्याच्या दरवाजावर आधी हाक मारली पाहिजे. पुढे पिटने पार्लमेंटात बोलताना गरिबाच्या मोडक्या झोपडीचे चित्र उभे केले होते, तिच्यात वारा शिरेल, पाऊस शिरेल, पण राजाला शिरता येणार नाही. चंद्रमौळी छपराखाली राहिलेल्या आपल्या लोकांना हे चित्र समजायला अवघड नाही.

हेच इंग्रज येथे राज्यकर्ते झाले तेव्हा त्यांनी झडतीचे नियम आणले आणि, न्यायाने बोलायचे तर, ते नियम वाईट नव्हते. 1898 च्या फौजदारी प्रक्रियेच्या संहितेत वॉरंटाचे प्रकरण आहे. वॉरंटावाचून झडती घ्यायचीच तर अधिकाऱ्याने आधी कारणे लेखी नमूद करावीत असे 165 वे कलम आहे. झडतीच्या वेळी त्या वस्तीतले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर असावेत असे 103 वे कलम आहे. घरात पडदानशीन स्त्री असेल तर तिला बाजूला होण्यास अवसर द्यावा अशीही तरतूद आहे. कागदावर सर्व काही होते. पण कागदाची परीक्षा संकटकाळी होते, आणि तशी परीक्षा 1897 साली पुण्यात होऊन चुकली होती. तेथे घरात शिरणारे पोलीस नव्हते, गोरे सोजीर होते. तरी आपल्या विषयाचा सारा गाभा त्या तीन महिन्यांत सापडतो, म्हणून तेथे थोडे थांबतो.

1896 च्या अखेरीस प्लेग पुण्यात आला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा कायदा. पहिल्या कलमांनी सरकारला हवे ते उपाय योजण्याची मुभा दिली. चौथ्या कलमाने सांगितले की, या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या वा करू घातलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा किंवा अन्य कारवाई चालणार नाही. म्हणजे एन्टिकने ज्या दाराने जाऊन तीनशे पौंड मिळविले, ते दार येथे आधी बंद करून मगच लोकांची दारे उघडण्यास प्रारंभ झाला. रँडसाहेब प्लेग कमिटीचे अध्यक्ष झाले आणि 13 मार्चपासून सोजिरांच्या तुकड्या पेठापेठांतून घरझडतीस निघाल्या. आजारी माणूस लपविला जाऊ नये म्हणून आगाऊ सूचना देण्याचे टाळले जाई. स्वयंपाकघरात, देवघरात, बाळंतिणीच्या खोलीत बुटांसकट शिरणे, सामान रस्त्यावर काढून टाकणे, बायकांना चारचौघांत उभे करून तपासणे, अशा तक्रारींनी त्या काळची वर्तमानपत्रे भरलेली आहेत. रोगी इस्पितळात आणि त्याची माणसे विलगीकरणाच्या छावणीत जात. परत येईपर्यंत घरातल्या वस्तूंचे काय झाले ते विचारायचे कोणाला?

प्लेग खरा होता, माणसे मरत होती, आणि काही कडक उपाय लागणार होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रश्न उपायांचा नव्हता. ज्याच्या घरात चूक झाली त्याला ती मांडण्यासाठी जागा होती का, हा होता. नातू बंधू हे पुण्याचे सरदार. सोजिरांच्या वर्तनाबद्दल त्यांनी तक्रारी केल्या. 22 जून रोजी चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडल्यावर जुलैमध्ये या नातूंना 1827 च्या रेग्युलेशनाखाली चौकशीवाचून अटकेत टाकण्यात आले. तक्रारीला मिळालेले उत्तर हे.

आणि मग गोपाळराव गोखल्यांची गोष्ट. ते त्या वेळी वेल्बी कमिशनपुढे साक्षीसाठी विलायतेत होते, वय एकतीस. पुण्याहून त्यांच्या विश्वासू मित्रांची पत्रे आली. त्यांत झडतीच्या वेळी स्त्रियांवर अत्याचार झाल्याचे लिहिले होते. गोखल्यांनी ते ‘मँचेस्टर गार्डियन’ पत्राच्या बातमीदारास सांगितले. एकच गहजब झाला. पुरावा द्या, नावे द्या, असे सरकार म्हणाले. मुंबईस परतल्यावर गोखल्यांनी आपल्या मित्रांना विचारले. कोणी पुढे येईना. जिच्यावर प्रसंग आला ती स्त्री कोर्टात वा कमिटीपुढे उभी राहून हे कसे सांगणार? तिच्या घरचे तिला कसे उभे राहू देणार? पत्र लिहिणाऱ्यांनाही आपली नावे नको होती. मित्रांची नावे न सांगता गोखल्यांनी सारा दोष स्वतःकडे घेतला आणि ऑगस्टमध्ये सरकारची व सैन्याची बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल आपल्या लोकांनीच त्यांना पुष्कळ छळले. माझ्या मते ते अन्यायाचे होते. माफी एका माणसाची दिसते, पण ती साऱ्या शहराच्या मौनाची होती. आरोप खोटा ठरला नाही, तो फक्त सिद्ध करता आला नाही. या दोहोंत केवढे अंतर आहे ते ज्याने कोर्टाची पायरी चढली आहे त्याला सांगायला नको.

आपल्या मराठवाड्यात या काळी निराळे राज्य होते. निजाम सरकारने 1921 साली न्यायखाते कारभारी खात्यापासून वेगळे केले, ब्रिटिश हिंदुस्थानाच्याही आधी, हे श्रेय त्यांना दिले पाहिजे. पण न्यायाधीश वेगळा असून भागत नाही, त्याच्यापुढे जाण्याची प्रजेला छाती लागते. 1930 च्या दशकात ‘गश्ती नंबर 53’ या हुकुमाखाली सभेला आधी परवानगी घ्यावी लागे. आजची ही व्याख्यानमालाही तेव्हा अर्ज केल्यावाचून भरली नसती. ज्या राज्यात चार माणसांनी जमण्यास परवानगी हवी, तेथे फौजदारावर हर्जान्याचा दावा लावणे ही कल्पना सामान्य माणसाच्या मनात येणे कठीण. सप्टेंबर 1948 मध्ये ते राज्य गेले. 1950 साली संविधान आले. 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि मुंबईचे कायदे क्रमाने इकडे लागू झाले.

त्यांतलाच 1951 चा मुंबई पोलीस कायदा, हल्ली त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्यातली दोन कलमे आजच्या विषयाशी अगदी निगडित आहेत. 147 व्या कलमाने, कायदेशीर अधिकार किंवा सबळ कारण नसताना एखाद्या जागेत शिरणारा वा तिची झडती घेणारा पोलीस अधिकारी गुन्हेगार ठरतो; मूळ कायद्यात सहा महिने कैद, पाचशे रुपये दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. वाचून समाधान वाटते. पण थोडी पाने उलटली की 161 वे कलम लागते. पोलिसाने आपल्या अधिकाराच्या नावाखाली, इतकेच नव्हे तर अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दलसुद्धा, दावा लावायचा तर तो सहा महिन्यांच्या आत लावला पाहिजे, आणि ज्याच्यावर लावायचा त्याला निदान एक महिना आधी नोटीस दिली पाहिजे. सरकारला प्रतिवादी करायचे तर दिवाणी संहितेच्या 80 व्या कलमाची दोन महिन्यांची नोटीस निराळीच. शेतावरची हद्द सरकवली तर शेजाऱ्यावर बारा वर्षांत दावा लावता येतो; दार मोडून शिरलेल्या शिपायावर मात्र सहा महिन्यांत! आणि हे सहा महिने बहुधा असे असतात की ज्यात घरचा कर्ता माणूस जामिनाच्या खटपटीत असतो.

तरीही कोणी म्हणेल, झडती बेकायदा ठरली म्हणजे पोलिसांचा खटला ढासळतो, ती शिक्षा काय कमी आहे? येथेच लोकांचा मोठा गैरसमज आहे. अमेरिकेत 1961 पासून सर्व राज्यांच्या कोर्टांत बेकायदा झडतीत मिळालेला पुरावा बाजूला ठेवतात. आपल्याकडे तसे नाही. 1958 साली मुंबईत पोलिसांनी एका घराची झडती घेतली, आत परदेशी शिक्क्याचे सोने सापडले. झडतीच बेकायदा होती असे आरोपीचे म्हणणे. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, झडती बेकायदा धरली तरी तेवढ्याने जप्ती आणि पुढचा तपास बाद होत नाही. सोने ते सोनेच. या मताला व्यवहाराचा आधार आहे, हे मी मान्य करतो. चोरटे सोने केवळ फौजदाराच्या चुकीमुळे चोराला परत द्यावे असे कोणास वाटेल? दारातच अडवावे म्हटले, तर तेही जोखमीचे. अधिकारी सद्भावनेने आणि हुद्द्याच्या नात्याने वागत असेल तर कृती काटेकोर कायदेशीर नसली तरी तिला विरोध करण्याचा स्वसंरक्षणाचा हक्क दंडविधानाने तोकडा केला आहे. मग उरले काय? दारात अडवायचे नाही, पुरावा बाद व्हायचा नाही, तेव्हा बेकायदा शिरण्याची किंमत पोलिसाला मोजावी लागण्याची जागा एकच राहिली, ती म्हणजे घरधन्याने मागाहून लावलेला दावा. दाराला उरलेली ही एकुलती एक कडी. म्हणून ती सहा महिन्यांत गंजू नये असे मला वाटते.

1960 नंतरच्या चारपाच वर्षांत या कडीची दोनदा परीक्षा झाली, दोन्ही वेळा उत्तर प्रदेशातल्या खटल्यांत. खरकसिंग हा दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटलेला माणूस. पोलिसांनी त्याचे नाव दप्तरी ठेवले. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री येत, दार वाजवीत, ओरडून उठवीत, कधी घरात शिरत. तो थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. 18 डिसेंबर 1962 रोजी निकाल लागला. सहा न्यायाधीशांत आपले अमरावतीचे न्या. मुधोळकर होते. रात्रीच्या घरभेटीचा नियम घटनेच्या 21 व्या कलमाविरुद्ध म्हणून रद्द झाला, सेमेन खटल्यातले ते किल्ल्याचे वचनही निकालात उद्धृत झाले. पण पाळतीचे बाकीचे नियम बहुमताने राहिले, कारण खाजगी जीवनाचा हक्क म्हणून घटनेत काही नाही, असे बहुमत म्हणाले. न्या. सुब्बाराव व न्या. शाह यांना ते पटले नाही. त्या अल्पमताला मान मिळायला 24 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. त्या दिवशी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत ठरविला.

दुसरा खटला अमृतसरच्या एका सराफी पेढीचा. 20 सप्टेंबर 1947 च्या मध्यरात्री पेढीचा एक भागीदार मीरतच्या बाजारातून चालला असता शिपायांनी त्याला धरले. त्याच्याजवळचे शंभर तोळ्यांवर सोने आणि दोन मणांवर चांदी कोतवालीत जमा झाली. दुसऱ्या दिवशी तो सुटला, पुढे चांदी परत मिळाली. सोने मिळाले नाही, कारण ज्या हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात ते होते तो ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. पेढीने सरकारवर दावा लावला. 29 सप्टेंबर 1964 रोजी सरन्यायाधीश गजेंद्रगडकर यांनी निकाल दिला. साताऱ्याचा हा संस्कृतज्ञ न्यायाधीश मनाने दीनांचा कैवारी, कामगारांच्या बाजूने त्यांनी दिलेले निकाल प्रसिद्ध आहेत. पण येथे कायद्याने त्यांचे हात बांधले. धरपकड आणि जप्ती ही सार्वभौम सत्तेची कामे असल्याने तीत नोकराने केलेल्या चुकीबद्दल सरकार जबाबदार नाही, असे त्यांना म्हणावे लागले. ही स्थिती समाधानकारक नाही, कायदेमंडळाने ती सुधारावी, असेही त्यांनी स्पष्ट बजावले. तसे विधेयक 1960 नंतरच्या दशकात संसदेत आलेही, पण ते पास झाले नाही. आता अकबराच्या कोतवालाची आठवण करा. त्याच्या दंडकाप्रमाणे हरवलेल्या मालाची जबाबदारी कोतवालावर असती. येथे माल कोतवालीतूनच गेला, आणि जबाबदार कोणीच नाही!

कायदेमंडळाने न केलेले काम पुढे न्यायालयांनीच थोडे थोडे केले. 1983 च्या रुदुल शाह खटल्यापासून, मूलभूत हक्कांचा भंग झाला तर रिट अर्जातच सरकारने भरपाई द्यावी अशी वाट पडली, आणि 1993 साली ओरिसातल्या कोठडीमृत्यूच्या खटल्यात सार्वभौमतेची सबब अशा अर्जात चालणार नाही हे ठरले. मात्र रिटसाठी उच्च न्यायालय गाठावे लागते. 1956 पासून पाव शतक मराठवाड्यातल्या माणसाला त्यासाठी मुंबईची वाट धरावी लागे. 27 ऑगस्ट 1981 रोजी आपल्या शहरात खंडपीठ सुरू झाले, त्याचे महत्त्व वकिलांच्या सोयीपुरते मानू नये. ज्या तालुक्याच्या गावी दार मोडले जाते, तेथून न्यायाचे दार एका दिवसाच्या एस.टी.वर आले.

आता शेवटचा खटला, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका. भिवंडी, 13 नोव्हेंबर 1965, रात्री नऊचा सुमार. गावचा पोलीस इन्स्पेक्टर गणवेशात एका स्त्रीच्या झोपडीत शिरला आणि त्याने तिच्याजवळ अभद्र मागणी केली. तिने नकार दिला. त्याने बळजबरी करताच तिने आरडाओरडा केला. नवरा आणि शेजारी धावून आले. आपण सापडलो असे पाहून त्याने सांगितले, मी दारूबंदीच्या छाप्यासाठी आलो आहे. ही सबब त्या काळी महाराष्ट्रात सर्वत्र चालण्यासारखी होती. दारूबंदीच्या कायद्याने गरिबांच्या वस्तीत झडती ही रोजची बाब झाली होती. स्त्रीने तक्रार केली, खात्याची चौकशी झाली आणि इन्स्पेक्टरला नोकरीतून काढण्यात आले. तो उच्च न्यायालयात गेला. तेथे त्याचे पारडे जड झाले, का, तर त्या स्त्रीने साक्षीत स्वतःच्या जीवनातली एक उणी बाजू मोकळेपणाने कबूल केली होती. अशा चारित्र्याच्या बाईच्या शब्दावर एका अधिकाऱ्याची नोकरी कशी घालवायची, असे न्यायालयास वाटले.

सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. 23 ऑक्टोबर 1990 रोजी निकाल लागला. न्या. अहमदी यांनी लिहिले त्याचा आशय असा की, स्त्री कोणत्याही चारित्र्याची असो, तिच्या घरात हवे तेव्हा शिरण्याचा हक्क कोणाला नाही. आणि तिने आपली उणीव लपविली नाही हे तिच्या खरेपणाचेच लक्षण आहे. काढून टाकण्याची शिक्षा कायम झाली. 1897 च्या पुण्यात जी स्त्री बोलू शकली नाही, ती 1965 च्या भिवंडीत बोलली. मधल्या अडुसष्ट वर्षांत कायदा जेवढा बदलला त्याहून हा बदल मला मोठा वाटतो. पण हिशेब पुरा मांडायचा तर हेही सांगितले पाहिजे की, पंचवीस वर्षे चाललेला हा झगडा इन्स्पेक्टरच्या नोकरीचा होता. हर्जान्याचा नव्हता.

त्या रात्री शेजारी आले नसते तर? इन्स्पेक्टरने छाप्याचा पंचनामा लिहिला असता आणि कागदावर तोच खरा ठरला असता. दावा असो की खात्याची चौकशी, शेवटी सर्व काही त्या घटकेला दारात कोण उभे होते यावर अवलंबून राहते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेने झडतीचे चित्रण करणे आवश्यक केले आहे, आणि वॉरंटावाचून घेतलेल्या झडतीच्या नोंदीची प्रत अठ्ठेचाळीस तासांत मॅजिस्ट्रेटकडे गेली पाहिजे असे म्हटले आहे. घरमालकाने अर्ज केला तर त्याला ती फुकट मिळते. जुने पंचांचे कलमही, क्रमांक बदलून, कायम आहे. त्यातले ‘वस्तीतील स्वतंत्र व प्रतिष्ठित रहिवासी’ म्हणजे या सभागृहात बसलेली आपण मंडळी. लेखी हुकूम देऊन बोलावले असता सबळ कारणावाचून न जाणे हा गुन्हा आहे, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. शेजारच्या घरी झडती आली की आपण दिवा मालवतो. त्याऐवजी दिवा लावून बाहेर यावे, झडती संपेपर्यंत घरमालकाबरोबर आत उभे राहावे, जप्तीची यादी पुरी वाचल्यावाचून सही करू नये, कोऱ्या कागदावर तर मुळीच करू नये, आणि यादीची प्रत घरमालकाच्या हाती पडली एवढे डोळ्यांनी पाहून मग आपल्या घरी परत जावे.